सामना हातात असताना राखीव पोरीनं लोण चढवला, यात चुकलं कुणाचं?

वसमतकर सर

मंडळी, मी एका सिनियर कॉलेजात क्रीडा संचालक आहे, गावाच्या भाषेत पीटीचा सर. मुलींची कबड्डी सांभाळतो. परवाच्या अंतर महाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही ५८-११ नं जिंकलो आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

समोरचा संघ एका नव्या कॉलेजचा. बहुतेक पोरी तांड्यावरच्या, वस्तीवरच्या. मॅटवर पाय ठेवायची पहिलीच वेळ. त्यातल्या दोघी मोज्यांवरच उतरल्या होत्या. मध्यंतराला ३१-५. कबड्डी खेळलेल्यांना सांगायला नको, अशा सामन्यात आकडा आपल्या आपण फुगतो. समोर तिघी उरल्या की साखळी धरायला कुणी नसतं. त्या गेल्या की लोणाचे दोन गुण वर, सातही जणी परत आत आणि पुन्हा तेच चक्र.

मध्यंतरालाच मी मुख्य चढाईपटू आणि डावा कोपरा सांभाळणारी अशा दोघींना बाहेर घेतलं. पुढं पुढं राखीवातल्या पाचही जणी आत गेल्या. शेवटची दोनेक मिनिटं उरली असतील, तेव्हा त्यातलीच एक, बी.ए. द्वितीय वर्षाची, चढाईला गेली. समोर तिघीच होत्या, तिनं तिघींना टिपलं आणि लोण. तिची आई सोयाबीनची काढणी सोडून सामना बघायला आली होती. वर्षभर लेक बाकावर बसते म्हणून घरी बोलणी खाणारी पोरगी ती.

सामना सुटला तेव्हा समोरच्या सरांनी हात दिला नाही. म्हणाले, "सर, तुम्ही कवाच जिंकला होता. आमच्या लेकरांना तुडवायचं काय काम होतं? उद्या पेपरात आकडा आला की यांचे बाप पुढच्या वर्षी पाठवत नाहीत." आणि पोरींना क्रूझरमध्ये भरून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा आला.

स्पर्धा बाद पद्धतीची होती. साखळी सामना असता तर गुणफरकाचा हिशोब असतो, शेवटच्या चढाईपर्यंत रेटावं लागतं. इथं ती गरज नव्हती, हे खरं. पण राखीव पोरीला पहिल्यांदा आत पाठवायचं आणि वर सांगायचं, "बाई, हळू खेळ"? माझ्या तोंडातून ते निघत नाही. तरी बापांची गोष्ट डोक्यातून जात नाही, कारण आमच्याकडच्या अर्ध्या पोरी मी स्वतः घरी जाऊन, ओसरीवर बसून, चहा पिऊन आणलेल्या आहेत.

माझा भाचा अमेरिकेत ओहायोत शिकतो. तो म्हणतो, तिकडं कॉलेजच्या फुटबॉलमध्ये याच गोष्टीवर शंभर वर्षं भांडणं चाललीत. त्याला म्हटलं, फोनवर नको, इथंच लिही.

कोलंबसचा नांदेडकर

मामाची आज्ञा, लिहितो. आधीच सांगतो, हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, हेल्मेटवाला. मेस्सीचा नव्हे.

सगळ्यात बदनाम सामना १९१६ चा. अटलांटात जॉर्जिया टेकनं कंबरलँड कॉलेजला २२२-० हरवलं. मध्यंतरालाच १२६-० झाले होते. कंबरलँडनं खरं तर फुटबॉल बंदच केला होता. पण कराराप्रमाणे खेळा नाहीतर ३,००० डॉलर भरा, म्हणून कशीबशी पोरं गोळा करून पाठवली. जॉर्जिया टेकचा प्रशिक्षक होता जॉन हाइजमन. आज दरवर्षी सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी ट्रॉफी त्याच्याच नावाची आहे. त्याच वर्षी बेसबॉलमध्ये कंबरलँडनं २२-० हरवलं होतं, त्याचा हा वचपा होता असं सांगतात. दुसरं कारणही सांगतात: पत्रकार फक्त एकूण गुण मोजून संघाची किंमत ठरवायचे, त्यातला फोलपणा हाइजमनला त्यांना दाखवून द्यायचा होता.

आता आमच्या गावची गोष्ट. १९६८ साली इथलं ओहायो स्टेट विद्यापीठ विरुद्ध शेजारच्या राज्यातलं मिशिगन विद्यापीठ. इथं हे वैर म्हणजे धर्म आहे. ओहायो स्टेट शेवटी शेवटी ५०-१४ नं पुढं. टचडाऊनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेल्याचे, सहा गुण झाले की एक सोपी किक मारून एक गुण घेतात, नाहीतर अवघड वाटेनं दोन मिळवायला बघतात. एवढ्या आघाडीवर कुणीही किक मारेल. प्रशिक्षक वुडी हेजनं दोनाचा प्रयत्न करवला. तो फसला, पण मिशिगनवाले विसरले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी बो शेंबेक्लर नावाचा नवा प्रशिक्षक आणला, तोही हेजच्याच हाताखाली तयार झालेला. ओहायो स्टेट तेव्हा सलग २२ सामने जिंकून आलेली. मिशिगननं त्यांना २४-१२ नं पाडलं. इथली म्हातारी माणसं १९६९ चं नाव काढलं की अजून ताटावरून उठतात.

मोठी आघाडी का रेटतात, याचं कारण मला तरी स्वभावापेक्षा पद्धतीत दिसतं. शंभराहून जास्त मोठे संघ आणि प्रत्येकाचे डझनभर सामने. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. मग मोठा कोण, हे क्रमवारीवरून ठरतं आणि क्रमवारी मतांवरून. १९९८ पासून त्यात संगणकही घातले होते. संगणकांना विजयाचं अंतर दिसायचं, म्हणून संघ शेवटपर्यंत बडवायचे. २००२ मध्ये ते अंतर संगणकाच्या सूत्रांतून काढून टाकलं. आता समिती निवड करते. पण समितीतली माणसंच ना, त्यांच्या डोळ्यांना ५८ दिसतातच.

एक रीत मात्र मला आवडते. थोडाच वेळ उरला आणि आघाडीवाल्याकडं चेंडू असला की त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा खेळाडू, चेंडू हातात घेऊन फक्त गुडघा टेकतो. घड्याळ चालू राहतं, कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. मामा, कबड्डीत हे रिकाम्या चढाईनं होऊ शकत नाही का? निदानरेषा ओलांडायची आणि परत यायचं.

तालमीतला

सर, तुमी लई इचार करायलाव.

मॅटवरच्या कुस्तीत ही भानगडच न्हाई. फ्रीस्टाइलला धा गुणाचा फरक पडला की पंच कुस्ती थांबवतंय. ग्रीको रोमनला आठावरच. मातीत तर पाठ लागली की इषय खलास. हरलेला बी सुटला, जिंकलेला बी सुटला. तुमच्या कबड्डीत घड्याळ संपूस्तोवर कुणाचीच सुटका न्हाई. ही खोड नियमाची हाय, त्या पोरीची न्हाई. कामून तिच्या डोक्यावर घालायलेत?

पर एक इचारतो, खरं सांगा. लोण चढवल्यावर तिनं त्यांच्याकडं बघून मांडी ठोकली का? खेळणारं अन् माज करणारं लांबूनच वळखू येतंय. ठोकली आसंल तर त्या सरचं बराबर हाय.

स्कोअरबुक

हरणाऱ्यानं काय करावं याचं आपलंच एक उदाहरण आहे. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी करंडक. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. महाराष्ट्र ४ बाद ८२६. प्रथम श्रेणीतला तेव्हाचा विक्रम ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. दोन षटकांचं काम उरलेलं. काठियावाडच्या कर्णधारानं सामनाच सोडून दिला आणि संघ घेऊन निघून गेला. आपल्याविरुद्ध विक्रम झाला अशी नोंद त्यांना नको होती, असं सांगतात.

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. ८२६ कशाला, हा प्रश्न आहेच. पण मैदान सोडून जाणं मला जास्त लागतं. आज त्या सामन्यातलं लोकांना काय आठवतं? काठियावाड पळाला, हेच. तुमच्या समोरचे सर आणि त्यांच्या पोरी शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळल्या. त्यांनी हात दिला नाही, तो राग दोन दिवसांत उतरेल.

बाकी पंच म्हणून माझा अनुभव वेगळा काही नाही. भांडणं नेहमी शेवटच्या पाच मिनिटांतल्या गुणांवरून होतात, पहिल्या पस्तिसावर कुणी बोलत नाही.

जिंतूरची बाई

मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. कॉलेजात असताना कबड्डी खेळले आणि बहुतेक वेळा हरणाऱ्या बाजूला होते, म्हणून मला बोलू द्या.

कोलंबसचे दादा म्हणतात ती रिकामी चढाई आम्ही सोसलेली आहे. एका मोठ्या कॉलेजाशी आम्ही कितीतरी गुणांनी मागं होतो. उत्तरार्धात त्यांच्या मुली यायच्या, रेषा ओलांडायच्या, हसायच्या आणि परत जायच्या. आम्ही पकडायला पुढं सरकलो की "नको गं, लागेल तुला" म्हणायच्या. प्रेक्षकांत आमच्या गावची माणसं बसलेली. त्या दिवशी किती गुणांनी हरलो ते मला आठवत नाही. ते "नको गं" आठवतं. आमच्या एका मैत्रिणीनं त्यानंतर बूट काढले ते परत घातलेच नाहीत. भारी चढाईत बाद झाले असते तर घरी जाऊन निदान सांगितलं असतं, काय पोरगी होती म्हणून!

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली. कोरियाच्या मुलींना खो-खो म्हणजे काय हे नुकतंच कळलेलं. त्या सामन्यात आपल्या मुलींनी बसून राहायला हवं होतं का? मग पाहुण्या शिकल्या काय असत्या? मला ते १७५ खटकले नाहीत. माझ्या वर्गातल्या पोरींनी मोबाइलवर बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाटी आखली.

सर, बापांचं म्हणाल तर ते आकडा वाचून पोरीला थांबवत नाहीत. थांबवायचंच असतं तेव्हा आकडा कामाला येतो. पोरगी रडत घरी आली की थांबवतात. तुमच्या समोरच्या पोरी रडत गेल्या का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

वसमतकर सर

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

पैलवान, मांडी ठोकली नाही. आईकडं बघून हात वर केला, तेवढंच. ठोकली असती तर तिथल्या तिथं बाहेर घेतली असती, मग आई बसलेली असो की कुलगुरू.

भाच्या, गुडघ्याची रीत कबड्डीत चालत नाही. आमच्या स्पर्धेत तिसऱ्या चढाईचा नियम होता. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारीच बाद आणि गुण समोरच्यांना. म्हणजे दया दाखवायची तर आपल्याच पोरीला ठरवून बाद व्हायला सांगावं लागेल. ते मी सांगणार नाही. शिवाय बाईंनी "नको गं" लिहिलं ते वाचून तुझ्या सूचनेवर माझा उरलासुरला विश्वासही उडाला. पण वुडी हेजचं दोनाचं प्रकरण पटलं. जिंकलेल्या सामन्यात अवघड वाट धरून एक गुण जास्त ओरबाडायचा, ते मला तुडवणं वाटतं. त्या हिशोबानं मुख्य चढाईपटूला शेवटी परत आत घातली असती तर समोरच्या सरांचा शब्द खरा ठरला असता. ती तर बाहेर बसून पाण्याच्या बाटल्या वाटत होती.

स्कोअरबुक, पेपरवाल्या बिरादरीचं एक ऐका. आमच्या वार्ताहराला म्हटलं, पुढच्या वेळी नुसतं 'विजयी' छाप, आकडा नको. तो म्हणाला, "सर, आकडा नसला तर ती बातमी कशाची?" वर विचारलं, "आणि तुम्ही हरलात तेव्हाही काढू का आकडा?" यावर मी चहा मागवला.

बाई, रडल्या का ते मला दिसलं नाही, कारण त्या सरळ क्रूझरमध्ये बसल्या. एक मात्र दिसलं. त्यांची कर्णधार, मोज्यांवरच खेळणारी, शेवटच्या मिनिटाला आमच्या पोरीचा घोटा धरून अशी बसली की पंचांनी शिट्टी वाजवूनही सोडेना. अकरा गुणांतला शेवटचा तो. असली पकड मला शिकवून जमवता येत नाही.

काल त्या सरांना फोन लावला. उचलला नाही. मग निरोप टाकला: दिवाळीनंतर आमचा संघ घेऊन तुमच्याकडं येतो, दोन दिवस राहतो, संघ मिसळून सराव करू, सामना नको. रात्री उत्तर आलं, "आमच्याकडं मॅट नाही, माती आहे." म्हटलं, मातीवरच खेळू. आमच्या पोरींना मॅटची सवय लागलीय, पहिला दिवस घसरण्यातच जाणार. घसरल्या की हसायची मुभा तुमच्या पोरींना, असंही लिहिलं. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर अजून नाही.