मदत हवी आहे : शीर्षकाची शिरोरेषा तुटते

मंडळी, गावच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ फोटोशॉपमध्ये करतोय. ए-फोर, 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीड (छाटणीसाठी सोडलेली जास्तीची कड). ‘शिवार’ या अक्षरांत फुटलेल्या पऱ्हाटीचा (कपाशीचा) फोटो क्लिपिंग मास्कने, म्हणजे फक्त अक्षरांच्या आकारात दिसेल असा, बसवलाय. वर्ल्ड-रेडी लेआउट (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) लावल्यावर वेलांटी जागेवर आली, पण ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) 40 केलं की शिरोरेषा तुटते. शून्यावर जुळते, मात्र शब्द रुंदीभर पसरत नाही. आडवा ताणला तर काने जाड दिसतात, ते मला पटत नाही.

दुसरं, पांढरी बोंडं फिक्या आभाळात हरवतात. अक्षरांना 8 पिक्सेलचा बाहेरचा स्ट्रोक (कडेची रेघ) पुरेल, की आतली सावलीही द्यावी? आणि सीएमवायके (छपाईचे चार रंग) करताना ब्लेंड मोडचा, म्हणजे थर एकमेकांत मिसळण्याचा, परिणाम बदलतो. आधी फ्लॅटन करू का, म्हणजे सगळे थर एकत्र करू का? शिरोरेषा हातानं जोडण्याची नीट रीत कोणी सांगेल का?