स्पारिंगमध्ये जॅब आला की डोळे मिटतात, डिफेन्स कुठून सुरू करू?

नवा_गडी:
पाच महिने झाले बॉक्सिंग शिकतोय. पॅडवर, हेवी बॅगवर हात बरा चालतो पण स्पारिंगला (पार्टनरशी सरावाची लढत) उभा राहिलो की सगळं विसरायला होतं. समोरच्याचा खांदा हलला की डोळे आपोआप मिटतात, हनुवटी वर जाते आणि मी सरळ मागे मागे जात राहतो ते पाठ रोपला टेकेपर्यंत. परवा एकच जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) सात-आठ वेळा नाकावर खाल्ला, तोच, तसाच. स्लिप (डोकं बाजूला नेऊन ठोसा चुकवणं), पॅरी (ठोसा हाताने बाजूला ढकलणं), रोल (ठोशाखालून वाकून जाणं) आरशासमोर सगळं जमतं. नेमकी सुरुवात कशापासून करू? घरी एकट्याने काय करता येईल?

जुना_ग्लोव्ह:
आधी डोळे, बाकीचं नंतर. डोळे मिटले की स्लिप येत असूनही उपयोग नाही कारण ठोसा दिसलाच नाही तर चुकवणार काय? डोळे मिटणं हा भित्रेपणा नाही रे, चेहऱ्याकडे काही वेगात आलं की कुणाचेही मिटतात, ती सवय हळूहळूच मोडते. पार्टनरला सांग, 3 मिनिटांचा एक राउंड फक्त हलके जॅब तुझ्या गार्डवर (चेहऱ्यासमोर धरलेल्या हातांवर) टाकायचे, आणि तू काहीही करायचं नाही, दात आवळून ग्लोव्हच्या वरून नुसतं बघत राहायचं, दर ठोशाला श्वास सोडायचा. नजर त्याच्या ग्लोव्हवर नको, छातीच्या वरच्या भागावर ठेव, तिथून दोन्ही खांदे दिसतात आणि हात निघायच्या आधी खांदा सांगतो.
दुसऱ्या राउंडला पॅरी. जॅब तुझ्या चेहऱ्याजवळ येऊ दे आणि उजव्या तळव्याने जरासा बाजूला ढकल, वीतभर पण नाही, दोन-तीन बोटं पुरे. हात पुढे नेऊन पकडायला गेलास तर तो जॅबची नुसती हूल देईल आणि तुझा उघडा पडलेला गाल हुकने (बाजूने वळून येणाऱ्या ठोशाने) गाठेल.

दोरीवाला:
घरी एकट्यासाठी दोरी बांध. खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत, खांद्याच्या उंचीवर, आणि खालून डावीकडे-उजवीकडे जात पुढे सरक, मग तसाच मागे. वाकायचं गुडघ्यातून, कमरेतून नाही, नजर समोरच. जमिनीकडे बघत दोरीखालून जाणारे खूप पाहिलेत, त्यांना रिंगमध्ये अपरकट (खालून वर येणारा ठोसा) बसतो. आणि स्लिप छोटी ठेव, ग्लोव्ह कानाला घासून गेला तरी चालेल, फार लांब वाकलास तर उलटा ठोसा मारायला तोल उरत नाही. प्रत्येक स्लिपनंतर एक ठोसा परत मारायची सवय आत्ताच लाव, नुसतं चुकवत राहिलं की समोरचा बिनधास्त मारत सुटतो.

पायांकडे_बघा:
वरचं सगळं बरोबर, पण पाय राहिले ना. सरळ मागे जाणं हा तुझा खरा आजार आहे, कारण जॅबमागून येणारा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) त्याच रेषेत येतो. मागे एक पाऊल, फार तर दोन, मग बाजूला. समोरचा उजव्या हाताचा असेल तर क्रॉस तुझ्या डाव्या बाजूने येतो म्हणून उजवीकडे निघ, फक्त उजवा हात गालाला चिकटलेला हवा, तिकडे त्याचा डावा हुक असतो.
आणि बॉक्सर फ्लॉइड मेवेदरचा शोल्डर रोल (पुढच्या खांद्यावर ठोसा घेऊन घसरवणं) बघून पुढचा हात कमरेपाशी सोडू नकोस, प्लीज. तो 50 लढतींत अजिंक्य राहिला त्यामागे लहानपणापासूनची तालीम आणि अंतराचा अंदाज आहे, पाच महिन्यांत तो हात खाली ठेवला की जॅब थेट तोंडावर.
अजून एक, ठोसा लागून गरगरलं, मळमळलं, डोकं दुखत राहिलं तर स्पारिंग लगेच बंद आणि डॉक्टरांना दाखव. यात शूरपणा करू नकोस.

नवा_गडी:
सगळ्यांचे खूप आभार. काल पार्टनरला विनंती करून फक्त-जॅबचे तीन राउंड केले. पहिल्यात डोळे मिटतच होते, तिसऱ्यात मात्र एकदा त्याच्या ग्लोव्हवरची शिवण स्पष्ट दिसली, इतका आनंद झाला की तिथेच ओरडलो! पॅरीला हात अजून पुढे पळतोय. उजवं कोपर बरगडीला चिकटवून ठेवलं तर थांबेल का?

जुना_ग्लोव्ह:
थांबेल. एक आठवडा तेवढंच कर, आणि जॅबचा वेग पार्टनरला एवढ्यात वाढवू देऊ नकोस.