मदत हवी आहे : पुढच्या स्कॅनपलीकडे बघायचं कसं?

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मला स्तनाचा कॅन्सर आहे, हाडांत पसरलेला, म्हणजे चौथी स्टेज. हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा) असल्यामुळे सध्या केमो नाही, गोळ्या आहेत. लेट्रोझोल रोज, आणि पाल्बोसिक्लिब २१ दिवस घ्यायची, मग ७ दिवस सुट्टी. रक्तात पांढऱ्या पेशी पुरेशा असल्या की पुढची फेरी सुरू. हा पूर्ण जाणार नाही, आटोक्यात ठेवता येईल, किती काळ ते सांगता येत नाही, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सरळ सांगितलं. बरं झालं सांगितलं. त्यामुळे काढे, पथ्यं, 'आमच्या ओळखीत एक आहेत' वगैरे नको, प्लीज.

माझी अडचण निराळी आहे. ज्यांचे उपचार संपणार असतात त्यांना कॅलेंडरवर बोट ठेवता येतं. मला काय, तर पुढचा पेट (PET) स्कॅन, म्हणजे कॅन्सर शरीरात कुठे आहे ते दाखवणारी तपासणी. सुईतून किरणोत्सारी साखरेचं औषध गेल्यावर तासभर निपचित पडायचं, बोलायचंसुद्धा नाही, कारण वापरलेले स्नायूही ती साखर ओढून घेतात. त्या तासात डोकं मात्र थांबत नाही. रिपोर्ट येईस्तोवर कंबर धरली की हाड वाटतं, खोकला आला की फुप्फुस. 'स्टेबल' आलं की काही दिवस माणसात असते. मग पुन्हा तेच.

त्यात 'पॉझिटिव्ह राहा'. 'तू फायटर आहेस, इच्छाशक्तीवर बाहेर येशील.' मायेनं म्हणतात, कळतं मला. पण मग उद्या रिपोर्ट बिघडला तर माझी इच्छाशक्ती कमी पडली असं समजायचं का? मी रडले की नवरा भेदरतो. म्हणून खाली गाडीतच रडून घेते आणि तोंड पुसून वर जाते.

दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम करायचा आहे. फॉर्म पूर्ण भरलाय, पाठवायचं बटण दाबवत नाही. आणि लेक १३ वर्षांची आहे. परवा सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, 'मी कॉलेजात जाईन तेव्हा तू असशील ना?' मी म्हटलं, आधी अभ्यास कर. काय सांगायला हवं होतं?

जे यातून जाताहेत किंवा जवळून बघताहेत त्यांनी लिहा. कडू असलं तरी चालेल.

प्रतिसाद

ताई, मला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे, रोजची गोळी चालू. आमच्या आजाराला २००१ साली इमॅटिनिब हे औषध मिळालं आणि चित्रच पालटलं, त्यामुळे 'मी आहे ना, तसं तुमचंही होईल' असं म्हणणार नाही. तो फुकटचा धीर झाला.

पण आकडे वाचून हातपाय गळत असतील तर स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञाचं उदाहरण बघा. १९८२ मध्ये त्यांना पोटातला मेसोथेलिओमा हा दुर्मिळ कॅन्सर निघाला. पुस्तकात मध्यक आयुष्य ८ महिने. हा माणूस आकडेमोडीत मुरलेला. त्यांनी विचार केला, मध्यक ८ महिने म्हणजे निम्मे लोक त्याच्या पुढे जातात, आणि पुढची बाजू वर्षानुवर्षं लांब पसरलेली असू शकते. ते त्यानंतर २० वर्षं जगले, २००२ मध्ये गेले ते दुसऱ्याच कॅन्सरनं. प्रत्येकाचं असं होतं असं नाही. पण मध्यक ही कुणाची वैयक्तिक तारीख नव्हे. शिवाय छापून आलेले आकडे आधीच्या रुग्णांचे, बऱ्याचदा आधीच्या औषधांवरचे असतात.

फॉर्म पाठवा हो! मधे खंड पडला तर चालतो का, एवढं आधी विचारून घ्या. अर्धवट राहिला तर राहिला, कितीतरी धडधाकट लोकांचे राहतात.

प्रतिसाद

मी कॅन्सर रुग्णांसाठी समुपदेशन करते. इच्छाशक्तीचं ओझं आधी उतरवू या. २००७ मध्ये जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोकं-मानेच्या कॅन्सरचे १,०९३ रुग्ण अभ्यासले. मनःस्थिती चांगली असलेले जास्त जगले असं काही दिसलं नाही. मन शांत असेल तर दिवस चांगला जातो, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात, हे खरंच. पण रडण्यानं गाठ वाढत नाही. गाडीतून वर येताना तोंड पुसलं नाहीत तरी चालेल.

स्कॅनच्या आधीची घालमेल जवळजवळ सगळ्यांना असते. दोन गोष्टी करून बघा. रिपोर्ट कोण, कधी, कसा सांगणार हे आधी ठरवून घ्या. रात्री एकटीनं मोबाईलवर उघडू नका. आणि दुखण्याचा नियम डॉक्टरांकडूनच लिहून घ्या : कोणतं दुखणं किती दिवस बघायचं आणि कशासाठी लगेच फोन करायचा. पायातली ताकद कमी होणं, बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, हे हाडांत आजार असताना थांबण्यासारखं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. असा नियम हाताशी असला की उरलेल्या कळांना कमी घाबरायला होतं.

कॅन्सर विभागात ० ते १० असं 'त्रासाचं थर्मामीटर' भरून घेतात. ४ किंवा वर असेल तर पुढे विचारपूस व्हायला हवी. तुम्हाला दिलं नसेल तर तुम्ही आकडा सांगा. दोन आठवडे सलग कशातच रस नसेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर ते नुसतं दुःख नाही, त्यावर उपचार आहेत. जीव द्यावासा वाटला तर मात्र दोन आठवडे मोजत बसू नका, लगेच सांगा. मनाच्या गोळ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच, काहींचं एकमेकींशी जमत नाही.

आणि पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांची चिठ्ठी मागा. शेवटच्या दिवसांतच तिकडे जायचं हा गैरसमज फार घट्ट आहे. २०१० मध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास आला. ज्यांना सुरुवातीपासून ही जोड मिळाली त्यांचं जगणं सुसह्य होतं, नैराश्य कमी होतं, आणि ते थोडे जास्तही जगले. आजार वेगळा, पण वेदना, थकवा, झोप बघणारी टीम तुमच्याही कामाची आहे.

लेकीला खोटं वचन नको. 'मला असायचं आहे. डॉक्टर त्यासाठीच औषधं देताहेत आणि मी घेतेय. नक्की सांगता येत नाही. काही बदललं तर तुझ्यापासून लपवणार नाही,' इतकं पुरे. १३ वर्षांच्या मुलीला बहुतेक सगळं कळलेलं असतं. तिला हवं असतं ते कुणीतरी विषय न बदलणं.

प्रतिसाद

तुमच्या नवऱ्याच्या जागी मी होतो. आम्ही भेदरतो ते तुमच्या रडण्याला नाही, काय करायचं ते सुचत नाही म्हणून. त्यांना काम द्या. 'काही बोलू नकोस, दहा मिनिटं बस' असं स्पष्ट सांगा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. नियम लिहून घेण्याचं तर डोक्यातच आलं नव्हतं, पुढच्या भेटीच्या यादीत टाकलं. त्रासाचा आकडा मनात मोजला तर ७ आला, तोही सांगेन. खंड घेता येतो का, हे अभ्यासक्रमवाल्यांना विचारलंय, उत्तराची वाट बघतेय. लेकीशी रविवारी बोलणार. एक शंका : त्या वेळी नवऱ्याला सोबत बसवावं, की आधी आम्ही दोघीच?