मोयामोयाच्या बायपासनंतर बोलणे अडखळले, एमआरआयमध्ये मात्र नवा पक्षाघात नाही

प्रश्न:
माझ्या ३४ वर्षांच्या धाकट्या बहिणीला मोयामोया (मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या हळूहळू अरुंद होत जाण्याचा आजार) असून, कानशिलावरची धमनी मेंदूच्या धमनीला जोडण्याची शस्त्रक्रिया तिच्या डाव्या बाजूला नुकतीच झाली. दोन दिवस ती व्यवस्थित बोलत होती. तिसऱ्या दिवशी साधे शब्द सुचेनासे झाले आणि उजवा हात बधिर झाला. एमआरआयच्या अहवालानुसार डिफ्यूजन या चित्रप्रकारात नवे काही नाही, फ्लेअर या दुसऱ्या चित्रप्रकारात मात्र जोडाजवळच्या मेंदूच्या खाचा पांढऱ्या दिसतात. हा पक्षाघात नसेल, तर वाचा का गेली? आणि शस्त्रक्रियेपूर्वी रक्तदाब उतरू देऊ नका असे बजावणारे डॉक्टर आता तो कमी का ठेवत आहेत?

प्रतिसाद १ (मेंदूविकारतज्ज्ञ):
रक्ताअभावी नुकत्याच मरू लागलेल्या पेशी डिफ्यूजनमध्ये ठळक दिसतात. तिथे काही नसणे ही मोठी दिलाशाची बाब आहे. वर्षानुवर्षे रक्त कमी मिळाल्यामुळे त्या भागातील बारीक रक्तवाहिन्या कायमच्या रुंदावलेल्या असतात, गरजेप्रमाणे आकुंचन पावण्याची त्यांची क्षमता क्षीण झालेली असते आणि नव्या जोडातून आलेला रक्ताचा लोंढा त्यांना आवरत नाही. बहुतेकांचे वाचाकेंद्र डाव्या बाजूला असल्याने बोलणे बिघडते. रक्तदाब वाढल्यास सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तो आटोक्यात ठेवतात. परंतु हीच लक्षणे उलट कारणानेही येतात: नवा प्रवाह जुन्या प्रवाहाला अडवतो आणि शेजारच्या भागाला रक्त कमी पडते. अशा वेळी रक्तदाब उतरवणे घातक ठरते. केवळ फ्लेअरवरून हा भेद करता येत नाही. स्पेक्ट तपासणी (मेंदूच्या कोणत्या भागाला किती रक्त मिळते हे दाखवणारी) झाली आहे का, हे अवश्य विचारा.

प्रतिसाद २:
माझ्या पत्नीचे बोलणे चौथ्या दिवशी बिघडले होते. सकाळी बरे, दुपारी पुन्हा अडखळणे, असे होत होत दहा-बारा दिवसांत ते पूर्ववत झाले. त्या काळात आम्ही तिला वाक्ये पूर्ण करायला लावत नसू. मान हलवून दिलेले उत्तर पुरे मानत असू.

प्रतिसाद ३:
वरील अनुभव धीर देणारा असला, तरी तीव्र डोकेदुखी, आकडी किंवा वाढती गुंगी दिसल्यास परिचारिकेला तत्काळ कळवा. रक्त पातळ ठेवण्याची गोळी स्वतःहून बंद करू नका.

प्रश्नकर्ती:
आज स्पेक्ट झाले. जोडाजवळच रक्तप्रवाह वाढलेला आहे, इतरत्र कुठेही तो घटलेला नाही. त्यामुळे रक्तदाबाची औषधे तशीच चालू ठेवणार आहेत. काल घड्याळाला ‘चमचा’ म्हणणाऱ्या बहिणीने आज वेळ अचूक सांगितली.