एकच कुत्रं दोघांना चावलं. मुलाला जखमेतही इंजेक्शन, सासऱ्यांना मात्र दंडावरच आणि तेही दोनदाच? मदत हवी आहे

रानजाई
नमस्कार मंडळी. परवा रविवारी सकाळी गल्लीतलं भटकं कुत्रं माझ्या मुलाच्या (वय ७) पोटरीला चावलं. सोडवायला धावलेल्या सासऱ्यांच्या मनगटातही दात रुतले, रक्त आलं. शेजारच्या काकू लाल तिखट घेऊन आल्या होत्या, पण मी लावू दिलं नाही. दोघांच्याही जखमा नळाखाली धरून साबणाने घड्याळ बघून पंधरा मिनिटं धुतल्या आणि सरकारी दवाखाना गाठला.

तिथे मुलाच्या जखमेतच, दातांच्या खुणांच्या कडेकडेने सुई फिरवून औषध भरलं. पोटरी टम्म फुगली. पोरगं किंचाळत होतं आणि मी त्याचा पाय दाबून धरला होता, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. शिवाय दोन्ही दंडांवर कातडीत थेंबभर लस, डास चावल्यावर गांधी उठते तशी. पुन्हा ३, ७ आणि २८ व्या दिवशी बोलावलंय.

सासऱ्यांना चार वर्षांपूर्वीही कुत्रं चावलं होतं. तेव्हाचं कार्ड सासूबाईंनी देवघरातल्या डब्यात जपून ठेवलंय, सगळे डोस पूर्ण आहेत. ते बघून डॉक्टर म्हणाले, "बाबांना आज एक आणि तिसऱ्या दिवशी एक, बास. जखमेत काही नको." मागे एवढी रांग होती की का ते विचारताच आलं नाही.

सासूबाई दोन दिवस धड जेवलेल्या नाहीत. म्हातारा माणूस म्हणून औषध वाचवलं, हेच त्यांच्या मनात बसलंय. रेबीज एकदा झाला की माणूस हाती लागत नाही हे आम्हाला माहीत आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय. बाबांना खरंच कमी दिलंय का?

दवाखान्यातली_ताई
आधी आईंना जेवायला बसवा. बाबांना बरोबर तेच दिलंय.

रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो तेव्हा थोडाच असतो. रक्तात पसरून गडबड केली असती तर शरीराला लगेच सुगावा लागला असता. हा मात्र गुपचूप मज्जातंतूत शिरतो आणि त्यातून मेंदूकडे चढायला लागतो. एकदा तंतूत शिरला की रक्तातल्या प्रतिपिंडांचा, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला निकामी करणाऱ्या प्रथिनांचा हात त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. त्याची चाल हळू असते, बहुतेकदा काही आठवडे ते महिने लागतात. चावल्यानंतर दिलेली लस कामाला येते ती ह्याच सवडीमुळे.

लशीत मेलेला विषाणू असतो. कातडीत पहारेकरी पेशी दाट असतात, म्हणून तिथे थेंबभर पुरते. त्या पेशी विषाणूचे तुकडे घेऊन काखेत-जांघेत असतात तशा जवळच्या लसिका गाठींत जातात. तिथे प्रतिपिंडं बनवणाऱ्या असंख्य बी-पेशी असतात आणि प्रत्येकीचा साचा वेगळा. ज्या थोड्यांचा साचा विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनावर बसतो, त्यांना टी-पेशींनी (ह्याही संरक्षण करणाऱ्याच पेशी) दुजोरा दिला की त्या भराभर वाढतात आणि प्रतिपिंडं सोडतात. पहिल्या खेपेला ह्या सगळ्याला सात ते चौदा दिवस जातात.

तुमच्या मुलाच्या जखमेत तोवर राखण करायला कोणीच नव्हतं. म्हणून घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं तिथेच भरली. विषाणू तंतूत शिरायच्या आत ती त्याला चिकटतात. दंडात देऊन हा उपयोग होत नाही, शत्रू पोटरीत आहे.

बाबांच्या शरीरात मात्र चार वर्षांपूर्वीच्या लढाईतल्या स्मृतिपेशी, म्हणजे हा विषाणू लक्षात ठेवलेल्या पेशी शिल्लक आहेत. त्यांना एक डोस दाखवला की काही दिवसांतच त्या प्रतिपिंडांचा पूर आणतात. तयार प्रतिपिंडं वरून दिली तर हा प्रतिसाद उलट मंदावू शकतो. आणि हे सगळं आईंनी कार्ड जपलं म्हणून! ते नसतं तर बाबांनाही पहिल्यापासून सगळं द्यावं लागलं असतं.

एकच विचारते: बाबा स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी कुठली गोळी घेतात का? तसं असेल तर उद्या आठवणीने सांगा, मग हिशेब बदलतो.

रानजाई
नाही ताई, फक्त बीपीची गोळी. तुमचं उत्तर आईंना मोठ्याने वाचून दाखवलं. कार्डाचं ऐकून त्यांनी ते मला परत वाचायला लावलं, मग भाकरी खाल्ली.

रानजाई
आज तिसऱ्या दिवसाचा डोस झाला दोघांचा. आता नवीनच काळजी. मुलाच्या जांघेत आणि काखेत वाटाण्याएवढी गाठ लागतेय, दाबलं की दुखतं. आई म्हणतात अवधाण आलंय, शेकूया. शेकू का?

दवाखान्यातली_ताई
आईंचा शब्द अगदी बरोबर आहे. मी वर ज्या गाठी म्हटल्या त्या ह्याच. जांघेतली पोटरीच्या जखमेची, काखेतली दंडावरच्या लशीची. आत पेशी वाढताहेत म्हणून फुगल्यात. शेकायची गरज नाही, आणि जखमेवर तर काहीच नको, पट्टीही नको. गाठ वाढत गेली, लाल झाली, जखमेतून पू आला किंवा ताप चढला तर सातव्या दिवसाची वाट न बघता दाखवा. नाहीतर रविवारी जालच, तेव्हा डॉक्टरांना गाठ दाखवून घ्या.