‘अँटी-गॅबा रिसेप्टर’मधल्या ‘अँटी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: मेंदूवरच्या एका शोधलेखाचा अनुवाद करते आहे. त्यात ‘रॅबिट अँटी-गॅबा-ए रिसेप्टर अल्फा-१ अँटिबॉडी’ हे लांबलचक नाव सारखे येते. मी ‘सशाचे गॅबा-ग्राहकविरोधी प्रतिपिंड’ असे केले आहे, पण वाचताना सशाने बंड पुकारल्यासारखे वाटते. काय करावे?

— आधी ‘ग्राहक’ काढा. तो काही केल्या दुकानातून बाहेर पडत नाही. ‘ग्राही’ बरे.

— ग्राही ठीकच, पण खरी खोच ‘विरोधी’त आहे. इथे ‘अँटी’चा अर्थ अमुक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारे, एवढाच. गॅबा हा मेंदूतला चेतापेशींना शांत करणारा मुख्य चेतापारेषक, म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारे रसायन. त्याचा ए-ग्राही, म्हणजे पेशीवरचे गॅबाला पकडणारे प्रथिन, पाच उपएककांच्या (सुट्या भागांच्या) कड्यासारखा असतो आणि मधून क्लोराइड आयनांची वाट असते. अल्फा-१ हे त्यातल्या उपएककांपैकी एक. तुमचे प्रतिपिंड त्यावर जाऊन बसते ते ग्राही बंद पाडायला नव्हे, तर मेंदूच्या पातळ कापात तो नेमका कुठे आहे हे दाखवायला. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिने वेगळी करून ओळखण्याच्या चाचणीत, तर प्रथिनाची घडी बहुधा आधीच उलगडलेली असते, मग विरोध करायचा कोणाला? बिक्युक्युलीनसारखे रसायन गॅबाची जागा खरोखर अडवते. ‘विरोधी’ किंवा ‘रोधी’ त्याच्यासाठी राखून ठेवा. एकाच लेखात दोन्हींना तोच शब्द लावला, तर वाचक हमखास फसेल.

आणि ‘सशाचे’ही नको. ससा हा फक्त प्रतिपिंड तयार करणारा प्राणी, तपासलेला मेंदू उंदराचाही असू शकतो. ‘सशात तयार केलेले’ म्हणा. पुढे दुय्यम प्रतिपिंडासाठी, म्हणजे पहिल्या प्रतिपिंडाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडासाठी, ‘गोट अँटी-रॅबिट’ आलेच असेल. त्याचे ‘शेळीचे ससाविरोधी’ केलेत, तर लेखाची प्राणिकथा होईल!

— ‘विरोधी’ सरसकट हद्दपार करू नका. २००७ मध्ये जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस या मेंदूदाहाच्या आजारात रुग्णाच्या शरीरातलीच प्रतिपिंडे एनएमडीए या मेंदूतल्या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींना चिकटतात, ग्राही पेशीच्या आत ओढले जातात आणि पृष्ठभागावरची त्यांची संख्या घटते. तिथे ‘ग्राहीविरोधी स्वप्रतिपिंडे’ अगदी चपखल बसते.

— मान्य. तिथला ‘विरोध’ खरा आहे.

प्रश्नकर्ती: मग असे लिहिते: ‘गॅबा-ए ग्राहीचे अल्फा-१ उपएकक ओळखणारे, सशात तयार केलेले प्रतिपिंड’. पहिल्या उल्लेखात पूर्ण, पुढे नुसते ‘गॅबा प्रतिपिंड’?

— पूर्ण रूप छान. पुढे मात्र ‘अल्फा-१ प्रतिपिंड’ करा. खुद्द गॅबाचा रेणू ओळखणारी प्रतिपिंडेही प्रयोगशाळेत वापरतात, ती निराळी.