फोनचा आवाज: साल की शाल?

काही जण म्हणतात की नवा फोन घेताना दुकानात गाणं वाजवून बघितलं की फोनचा आवाज कळतो. मला ते पटत नाही. दोन फोनांपैकी जरा मोठ्याने वाजणारा कानाला बहुतेकदा चांगला वाटतो. त्यामुळे आधी दोघांची पातळी सारखी करा, आणि कुठला फोन वाजतोय ते न बघता ऐका.

मी गोव्यात फोंड्याला राहतो. माझी कसोटी म्हणजे चतुर्थीत घरीच रेकॉर्ड केलेली घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या मडक्याला चामडं लावलेल्या वाद्यावरची आरती. घुमटाचा खालचा घुमार फोनच्या इवल्याशा स्पीकरातून येतच नाही, नुसती थापेची टपटप ऐकू येते. तो दोष सगळ्याच फोनांचा, म्हणून त्यावरून निवड करू नका. झांजा बघा. आवाज पूर्ण वाढवल्यावर त्या चरचरल्या तर तो फोन नको.

कॉलची परीक्षा मात्र वेगळी. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं) एवढाच आवाजाचा पट्टा जातो, आणि 'स'ची धार बरीचशी त्याच्या वर असते. ती कापली गेली की 'स' आणि 'श'मधला फरक पुसट होतो. आईला फोन लावून 'साल' आणि 'शाल' उलटसुलट म्हणा, तिला लिहून घ्यायला सांगा. एचडी कॉलमध्ये, म्हणजे नव्या पद्धतीच्या जास्त स्पष्ट कॉलमध्ये, पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत जातो, तिथे चुका बऱ्याच कमी होतात. हाच प्रयोग पावसात, पत्र्याच्या पडवीत उभं राहूनही करा. गोंगाट कापताना काही फोन शब्दांची शेवटची अक्षरंही खातात, ते तिथे लगेच उघडं पडतं.